रात्रीत उतरणारी बॅटरी

९ मार्च

व्याहीबुवा,

तुम्हाला आणि विहीणबाईंना नमस्कार. टेलरमास्तरांचं पत्र बघून चकित व्हाल. लग्नाला चार वर्षं झाली, पण आमंत्रणाशिवाय मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. फोनच करणार होतो, पण तुमच्या कानांचं माहीत आहे. मागे मी 'तब्येत कशी?' म्हणून विचारलं, तर तुम्ही 'साडेचारला बंद होतं' म्हणालात. म्हणून हे पत्र.

काम असं की, तुम्ही लेकीच्या व्हॅनमध्ये बसवून दिलेला तो छोटा फ्रीज हल्ली त्रास देतोय. रात्री ती त्यात लसी भरून ठेवते. सकाळी बघावं तर फ्रीज बंद, तांबडा दिवा लुकलुकतोय आणि लसी कोमट. परवा गाईंसाठी आणलेला अख्खा खोका टाकून द्यावा लागला. जनावरांच्या डॉक्टरला असं होऊन कसं चालेल? तिने खोका उचलला, कचऱ्यात ठेवला, नळावर हात धुतले आणि कामाला गेली. मला बघवलं नाही.

मी म्हटलं, तुझ्या वडिलांना विचारू, गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात कोण धरणार? तर म्हणाली, 'अण्णांना नको कळवायला.' तुम्हाला उगाच घोर नको, असंच तिच्या मनात असणार. तेव्हा हे आपल्या दोघांतच राहू द्या. मला सुईदोऱ्यापलीकडे काही कळत नाही, पण तुम्ही सांगाल तसं करीन. तेवढं तरी करू द्या.

तुमचा व्याही,
टेलरमास्तर


१५ मार्च

मास्तर,

पत्र वाचून हसलो. साडेचारला बंद होते ती आमच्या समोरची लाँड्री. मला वाटलं तुम्ही तिचंच विचारताय.

आता कामाचं. आधीच फ्रीजला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. बहुतेक वेळा फ्रीज साव असतो आणि वायर चोर. फ्रीज चालू असताना त्याच्या प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर जोड ढिला आहे. प्लगच्या टोकाला पितळेची टिकली आहे. ती काळी पडली असेल तर पॉलिश पेपरने घासा. मग बॉनेट उघडा. बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलीय, तिथे गंज धरलाय का बघा. धरला असेल तर खरवडून पुन्हा आवळा.

सोबत माझा जुना मीटर पाठवतोय. लाल टोक लालला, काळं काळ्याला, इतकंच. संध्याकाळी आणि सकाळी बॅटरीचे व्होल्ट बघून मला कळवा. त्या फ्रीजच्या आत एक राखणदार बसवलेला असतो. बॅटरी फार उतरली की तो फ्रीजचं तोंड बंद करतो, नाहीतर सकाळी गाडीच सुरू व्हायची नाही. तांबडा दिवा म्हणजे त्याची शिट्टी.

पण मला एक सांगा, घरातल्या फ्रीजला काय झालं? रात्रीपुरत्या लसी तिथेच ठेवायची ना ती?

पोर मागच्या महिन्यात इथे येऊन गेली, तुम्हाला माहीतच असेल. दोन दिवस नुसती गप्प. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, 'बाई, भांड्याला भांडं लागतंच. जिभेला जरा म्यान घाल आणि आपल्या घरी जा.' टाकी फुल करून दिली आणि वाटेला लावली. मुलींना माहेरी फार टेकू दिलं की सासर परकं होतं, बरोबर ना? आता कशी आहे? तिची आई फोनवर विचारते, तर ती 'छान' म्हणते.

तुमचा,
बॅटरीवाला


२४ मार्च

व्याहीबुवा,

मीटर मिळाला. सूनबाईंना मी सांगितलं की तो पलीकडच्या गॅरेजातून मागून आणलाय. या वयात खोटं बोलताना कान तापतात, पण तिने पुढे काही विचारलं नाही, बॉनेट तेवढं उघडून दिलं.

प्लग गरमच होता. टिकली घासली, बोल्टखाली गंज होता तोही खरवडला. दोन दिवस फ्रीज नीट चालला. मला तर वाटलं, शिवणकाम सोडून तुमच्याकडे उमेदवारीला यावं! तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तांबडा दिवा. मीटर संध्याकाळी १२.६ दाखवतो आणि सकाळी ११.७. रोज जवळपास तेवढंच.

घरच्या फ्रीजचं म्हणाल, तर चिरंजीवांना खाण्याच्या वस्तूंशेजारी जनावरांची औषधं चालत नाहीत. त्यांचंही बरोबर असेल.

व्हॅनच्या मागच्या काचांना मी जाड कापडाचे पडदे शिवून दिले. आत ऊन कमी येईल, म्हणजे फ्रीजवर ताण पडणार नाही. योग्य केलं ना?

ती कशी आहे म्हणून विचारलंत. कामात असते.

टेलरमास्तर


३० मार्च

मास्तर,

पडद्याची अक्कल चांगली. माझ्या डोक्यात आली नसती.

पण तुमचे आकडे मला पटत नाहीत. एवढासा फ्रीज एका रात्रीत धडधाकट बॅटरीला असं झोपवत नाही. गाडीत दुसरं काहीतरी वीज खातंय. आता तीन गोष्टी करा.

एक, एका रात्री लसी दवाखान्यात ठेवायला सांगा आणि फ्रीजचा प्लगच काढून टाका. सकाळी व्होल्ट बघा. दुसरं, दिवसा सगळं बंद असताना बॅटरीची काळी वायर सोडवा आणि मध्ये मीटर जोडा. कुठे चोरून वीज जात असेल तर तो दाखवील. कसं जोडायचं त्याचं चित्र मागे काढलंय. तिसरं, गाडीच्या मागच्या भागात मी एक दिवा आणि छोटा पंखा बसवलाय. गाय अडली की तासन्‌तास थांबावं लागतं, तेव्हा पोरीला पाठ टेकायला बाकडं आणि जरा वारा. त्या दोघांचा मिळून एक निळा फ्यूज आहे, स्टीअरिंगच्या खाली. तो एका रात्री काढून ठेवा. सकाळी बॅटरी भरलेली सापडली, तर चोर त्याच वायरीवर आहे.

जावईबापूंना नमस्कार सांगा. गॅरेजातल्या पोऱ्यासारखं तुम्हाला राबवतोय, पण तुमची चिकाटी बघून बरं वाटतं. सुनेसाठी एवढं करणारा सासरा मी तरी पाहिला नाही.

बॅटरीवाला


८ एप्रिल

व्याहीबुवा,

फ्रीजचा प्लग काढला, तरी सकाळी १२.२. म्हणजे फ्रीजवाचूनही उतरतेच. दिवसा तुमच्या चित्राप्रमाणे मीटर जोडला, तर शून्याच्या आसपास. काहीच जात नाही. निळा फ्यूजही काढून पाहिला. तरी फरक नाही.

मला वाटतं उंदीर असावेत. आवारात उंदीर फार झालेत. एखादी वायर कुरतडली असेल आणि रात्री ती कुठे टेकत असेल. तुम्हाला फार तसदी दिली. आता राहू दे. लसी दवाखान्यातच ठेवत जा, असं मी तिला सांगतो.

शेवटच्या पत्रात तुम्ही माझं कौतुक केलंत. कृपा करून तसं लिहू नका.

टेलरमास्तर


१४ एप्रिल

मास्तर,

उंदीर दिवा लावून पंख्याखाली झोपत नाहीत.

उभा जन्म मी गाड्यांच्या पोटात डोकं घालून काढला. दिवसा शून्य, रात्री खायला सुरुवात, आणि रोज तेवढंच, त्याला बिघाड म्हणत नाहीत. बिघाडाला घड्याळ कळत नाही. कोणाचा तरी हात रात्री बटण दाबतोय. आणि निळा फ्यूज काढूनही फरक नाही म्हणता. आता चोर दुसऱ्या वायरीवर असता तर तो दिवसाही सापडला असता. म्हणजे फ्यूज तुम्ही काढलाच नाहीत. का नाही काढला? काढला असता तर पंखा बंद पडला असता, म्हणून. ज्याला त्या पंख्याखाली झोपायचंय, तो फ्यूज कसा काढील?

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काचांना पडदे. 'तेवढं तरी करू द्या.' 'आता राहू दे.' घरातल्या कोणाबद्दल तुमचं एक धड वाक्य नाही. मास्तर, व्हॅनमध्ये तुम्ही झोपता. तुम्हाला घराबाहेर काढलंय, आणि ते तोंडाने सांगवत नाही म्हणून तुम्ही मला बॅटरीचे आकडे पाठवताय.

हे माझ्याच पोरीचं काम. जावई तर गरीब गाय, मोठ्याने बोलताना कधी ऐकला नाही. (माझ्या कानांनी ऐकणार तरी काय म्हणा, पण तिची आईही तेच सांगते.) आमच्या पोरीच्या जिभेची धार मात्र मला लहानपणापासून माहीत आहे. फेब्रुवारीत ती इथे येऊन गप्प बसली होती, ती का, ते आता कळलं.

लाजेने माझी मान वर होत नाही. परवाच मी तिला पत्र टाकलं. लिहिलं की, म्हाताऱ्या सासऱ्याला गाडीत झोपवणारी मुलगी माझी नव्हे. त्यांना सन्मानाने घरात घेशील तेव्हाच या घराची पायरी चढ. तिच्या आईला दाखवलं नाही, ती रडत बसली असती.

तुमची माफी कोणत्या तोंडाने मागू?

बॅटरीवाला


२० एप्रिल

व्याहीबुवा,

हात जोडून सांगतो, हे पत्र विहीणबाईंच्या समोर वाचा.

व्हॅनमध्ये मी झोपत नव्हतो. माझी खाट घरातच आहे, पुढच्या खोलीत, शिवणयंत्राच्या शेजारी. व्हॅनमध्ये तुमची लेक झोपत होती.

तिच्या कामाला वेळकाळ नाही, हे आम्हाला लग्नाआधी माहीत होतं. चारचौघांत आम्ही ते मिरवायचो. घरात मात्र मुलाची कुरकूर वाढत गेली. आधी 'घर आहे की धर्मशाळा?' मग 'गोठ्याचा वास घेऊन आत येऊ नकोस.' मग लसींचे खोके फ्रीजबाहेर. शेवटी म्हणाला, अंधार पडल्यावर दार उघडणार नाही. मला वाटलं रागाचं बोलणं आहे, ओसरेल. मी मशिनवरून मान वर केली नाही.

एके दिवशी कुठेतरी वासरू आडवं आलं होतं, तिला फार उशीर झाला. मुलाने आतून कडी घातली होती. तिने आधी त्याला हाक मारली. मग मला. 'बाबा, जागे आहात का?' मी जागा होतो. पाय खाटेखाली सोडले होते. मुलगा मधल्या दारात उभा होता. म्हणाला, 'उठायचं नाही.' आणि व्याहीबुवा, मी पाय पुन्हा वर घेतले.

तिने त्यानंतर कधी दार वाजवलं नाही. तुमच्याकडे आली ती त्याच आठवड्यात. तुम्ही तिला परत पाठवलीत. ती आली, आवारात व्हॅन लावली आणि व्हॅनमध्येच राहिली. अंघोळीला दवाखान्यात जायची. मुलगा तिच्या शेजारून जाताना फोनमध्ये बघत जायचा. मी सकाळी चहाचा कप बॉनेटवर ठेवून यायचो. ठेवायचो आणि परतायचो, तिच्या हातात द्यायची हिंमत नव्हती.

पडदे शिवले ते उन्हासाठी नव्हे. कपडे टाकायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनी एकदोनदा व्हॅनकडे वळून बघितलं, म्हणून शिवले. तिने पडदे हातात घेतले आणि म्हणाली, 'शिवण छान आहे.' मला अंगणात गाडून घ्यावंसं वाटलं.

तुमचं खरं आहे, निळा फ्यूज मी काढला नाही. काढायला गेलो होतो. चिमटीत धरला आणि सोडून दिला. या उकाड्यात तिचा पंखाही मीच बंद करायचा? फ्रीजसाठी मी तुम्हाला लिहिलं, कारण दुसरं काही दुरुस्त करायची माझी छाती नव्हती. आणि पत्र बरं होतं, पत्राला माझा चेहरा दिसत नव्हता.

तुमचं पत्र तिला काल मिळालं. फाटकाशी उभं राहून तिने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. मी बाहेर गेलो. म्हणाली, 'बाबा, तुम्ही अण्णांना असं कळवलंत?' मी म्हटलं, 'नाही गं, मी फक्त बॅटरीचं लिहीत होतो.' 'बॅटरीचं,' ती म्हणाली, आणि गाडी काढून गेली. काल संध्याकाळी व्हॅन आवारात आली नाही. आज सकाळी दवाखान्यात जाऊन आलो. ती कामावर आहे, तब्येतीने बरी आहे. पण मला बाहेरूनच परत पाठवलं.

तुम्ही या. माझ्या घरी नव्हे, तिच्याकडे या.

टेलरमास्तर


४ मे

मास्तर,

तुमचं पत्र मी तिच्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. 'बाबा, जागे आहात का?' इथे आलो आणि पुढे वाचता येईना, तेव्हा तिने माझ्या हातातून ते घेतलं. वाचून झाल्यावर विचारलं, 'तुम्ही पोरीला काय लिहिलंत?' मी सांगितलं. ती उठली आणि बॅग भरायला लागली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

आम्ही तुमच्या घरावरून गेलो. थांबलो नाही. थांबलो असतो तर जावयाची कॉलर धरली असती, आणि मग पोरीला आणखी एक प्रकरण निस्तरावं लागलं असतं.

दवाखान्यात ती एका शेळीच्या पायाला पट्टी बांधत होती. आईला बघून उठली, गळ्यात पडली. माझ्याकडे बघून म्हणाली, 'अण्णा, बसा.' जसं शेळीच्या मालकाला म्हणाली होती, तसंच.

मी म्हटलं, 'अगं, मला सांगायचं होतंस.'

ती माझ्या कानाशी तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, म्हणजे मला नीट ऐकू जावं. 'सांगायला आले होते. तुम्ही टाकी फुल करून दिलीत.'

मास्तर, इतकी वर्षं कानांना शिव्या घातल्या. त्या दिवशी वाटलं, हे एक वाक्य ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

दोन दिवस मी व्हॅनखाली पडून होतो. फ्रीजसाठी वेगळी बॅटरी बसवली, जाड वायर ओढली, सॉकेट बदलला. खरं तर अर्ध्या दिवसाचं काम. पण व्हॅनखाली असलं की कोणाला तोंड दाखवावं लागत नाही. ती येऊन उभी राहायची, तिच्या चपला दिसायच्या. एकदा चहा ठेवून गेली. मी खालूनच म्हटलं, 'ते पत्र फाडून टाक.' काही उत्तर आलं नाही, की आलं आणि मला ऐकू आलं नाही, कोण जाणे.

तिने दवाखान्याजवळ औषधांच्या दुकानावरची खोली घेतलीय. 'घरी चल,' मी म्हटलं. 'माझी जनावरं इथे आहेत,' म्हणाली. तिची आई तिच्याजवळ राहिलीय. मी एकटा परत आलो.

तुमच्यावर राग आहे, खोटं कशाला सांगू? पण तुम्ही कडी काढली नाहीत, आणि मी तर तिला पुन्हा त्याच दाराशी नेऊन उभी केली. दोघांत जास्त कोणी लाजायचं, ते मला ठरवता येत नाही. आणि हे लिहायला मला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही, हीसुद्धा लाजच.

बॅटरीवाला


२१ मे

व्याहीबुवा,

तुम्हाला असं म्हणायचा हक्क अजून मला आहे का, माहीत नाही. दुसरं संबोधन सुचत नाही.

मागच्या आठवड्यात तिचे कपडे आणि पुस्तकं घेऊन मी त्या खोलीवर गेलो. मुलगा म्हणाला होता, 'हवं असेल तर येऊन घेऊन जाईल.' मी ट्रंक उचलली. जिना चढताना दम लागला, तर विहीणबाई खाली आल्या आणि ट्रंकेची दुसरी कडी धरली. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

तिने चहा केला. फ्रीज आता नीट चालतो, लस एकदाही वाया गेली नाही, असं सांगितलं. निघताना म्हणाली, 'काका, जिन्यात अंधार आहे, जपून.' लग्नापासून ती मला बाबाच म्हणत आली. मला वाटलं बोलण्याच्या ओघात झालं असेल, म्हणून मी पायरीवर उगाच घुटमळलो. ती पुन्हा म्हणाली, 'काका, कठड्याला धरा.' रागाने नव्हे. रस्त्यात कुणा वयस्क माणसाला सांगावं, तसं.

तिने वेगळं होण्याचा अर्ज केलाय, हे विहीणबाईंनी तुम्हाला कळवलं असेल. मुलाचं म्हणणं असं की, तिला कोणी बाहेर काढलं नव्हतं, ती हट्टाने गाडीत राहत होती. मला म्हणाला, 'तुम्हीही तेच सांगायचं.' मी म्हटलं, 'मी ते सांगणार नाही.' त्याने विचारलं, 'तुम्ही बाप कोणाचे?' मी म्हटलं, 'तुझाच. म्हणूनच इतके दिवस गप्प बसलो.' तो आता वेगळा जेवतो. घरात दोन ताटं दोन खोल्यांत वाढली जातात. मशिन चालू ठेवतो, म्हणजे शांतता तितकी जाणवत नाही.

काल मी आपणहून तिच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं विचारून लिहून घेतलं. कडी कोणी घातली, कुठल्या बाजूने, ती किती वेळ दाराशी उभी होती. मग पेन खाली ठेवून मला समजावत म्हणाल्या, 'काका, कडी मुलाने घातली, एवढं पुरे आहे. तुम्ही जागे होतात, हे नाही सांगितलं तरी चालेल. भर कोर्टात तुमचीच मान खाली जाईल.'

मी म्हटलं, 'बाई, ते आधी लिहा.'

टेलरमास्तर